विधीचे अधिष्ठान: ईश्वराज्ञा, विवेक आणि वऱ्हाडातील काही दाखले

कायद्याने आणि नीतीने माणसाला बांधायचे ते कोणाच्या अधिकाराने, या प्रश्नाला मानवी इतिहासात मुख्यतः दोन उत्तरे दिली गेली आहेत. पहिले उत्तर ईश्वरप्रामाण्याचे आहे. एखादा नियम ईश्वराने सांगितला किंवा ईश्वरी मानल्या गेलेल्या ग्रंथात आला, एवढ्यानेच तो बंधनकारक ठरतो, अशी त्यामागची धारणा असते. दुसरे उत्तर विवेकप्रामाण्याचे आहे. नियमामागची कारणे सांगता आली पाहिजेत, ती कोणालाही तपासता आली पाहिजेत आणि तपासात टिकली नाहीत तर नियम बदलता आला पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. या दोन उत्तरांतील वाद पुष्कळदा ईश्वर आहे की नाही या वादाशी एकरूप मानला जातो आणि तेथेच चर्चेचा रस्ता चुकतो. कारण ईश्वरावर निस्सीम श्रद्धा असलेला मनुष्यही कायद्याला कारण विचारू शकतो, आणि ईश्वर न मानणारी राजसत्ताही कारण न सांगता माणसांना चिरडू शकते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय म्हणून ईश्वराचे अस्तित्व हा नाही. ज्याच्यावर नियमाचे ओझे पडते त्याला 'का?' असे विचारण्याचा अधिकार आहे की नाही, आणि त्याला उत्तर देण्यास कोण बांधलेला आहे, हा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुका ज्या वऱ्हाडात येतो त्या प्रांताचा गेल्या दीडशे वर्षांचा कायद्याचा इतिहास या प्रश्नावर असा प्रकाश टाकतो, की त्यासाठी फार दूर जाण्याची गरज पडत नाही.

प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटिस विचारतो, की देवांना आवडते म्हणून एखादे कृत्य पवित्र ठरते, की ते पवित्र असते म्हणून देवांना आवडते. पहिला पर्याय स्वीकारला तर देवाने उद्या क्रौर्याची आज्ञा केल्यास क्रौर्य हीच नीती ठरेल, आणि दुसरा स्वीकारला तर चांगले-वाईट हे आज्ञेच्या आधीच अस्तित्वात असते व ते ओळखण्याचे साधन माणसाकडेही असू शकते, हे मान्य करावे लागेल. इस्लामी धर्मशास्त्रात मुअतझिला पंथाच्या विचारवंतांनी दुसरी आणि अशअरी परंपरेने पहिली बाजू घेतली. भारतात तर याहून विलक्षण स्थिती होती. वेदप्रामाण्याचा सर्वांत कडवा पुरस्कार करणारे पूर्वमीमांसा दर्शन वेदाला अपौरुषेय, म्हणजे कोणत्याही पुरुषाने न रचलेला मानते आणि त्या अपौरुषेयत्वासाठीच वेदाला ईश्वर हाही कर्ता मानत नाही. ज्या धर्मशास्त्रावर पुढे हिंदूंचे कौटुंबिक कायदे उभे राहिले, त्याची अर्थनिर्णयाची पद्धत या मीमांसेतून आलेली आहे. म्हणून धर्मशास्त्राचा सगळा कायदा ही 'देवाची आज्ञा' होती, हे परंपरेच्या अभिमान्यांचे आणि टीकाकारांचे समान गृहीतक मुळातच ढिले आहे.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांपुढे हा प्रश्न अगदी उघडपणे आला तो १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, संविधानाच्या उद्देशिकेची चर्चा चालू असताना. उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी दुरुस्ती हरि विष्णू कामत यांनी मांडली. कामत संविधान सभेवर निवडून आले होते ते मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतातून, म्हणजे दारव्हा तालुका ज्या प्रांताचा भाग होता त्याच प्रांतातून. सभेचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांच्यासमोर झालेल्या चर्चेत विरोधाचा सूर निरीश्वरवादाचा नव्हता. पंडित हृदयनाथ कुंझरू यांचे म्हणणे असे होते, की श्रद्धेसारखी व्यक्तीच्या अंतःकरणातील गोष्ट सर्वांच्या वतीने घोषित करणे म्हणजे ती काहींवर लादणे होय, आणि विचार, श्रद्धा व उपासना यांच्या स्वातंत्र्याचे वचन देणाऱ्या उद्देशिकेतच असे लादणे विसंगत आहे. पूर्णिमा बॅनर्जी यांनी ईश्वराचे नाव मतदानाला टाकण्याचा प्रसंग आणू नये अशी विनंती केली. तरीही मतदान झाले आणि दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. 'आम्ही भारताचे लोक' हे शब्द आरंभस्थानी राहिले.

या निकालाचा अर्थ नीट लावला पाहिजे. संविधानाने ईश्वराला नाकारले असे म्हणता येत नाही. तिसऱ्या अनुसूचीत पदाची शपथ घेणाऱ्याला ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन असे दोन्ही मार्ग खुले आहेत आणि पंचविसावे कलम धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते. संविधानाने एवढेच केले, की कायदा कोणाच्या नावाने होतो या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या पदरात टाकले. ज्याने कायदा केला तोच त्याची जबाबदारी घेईल आणि ज्यांच्या नावाने केला त्यांना त्याचा जाब मागता येईल, ही त्या निर्णयाची खरी फलश्रुती होय. ईश्वराच्या नावाने केलेल्या कायद्याचा जाब कोणाला विचारावा, हा प्रश्न कायम लोंबकळत राहतो. ईश्वर उत्तर देत नाही, आणि उत्तर देणारा जो कोणी पुढे येतो तो माणूसच असतो.

हे वऱ्हाडाने प्रत्यक्ष अनुभवलेले आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, तरी नावाने ते निजामाचेच राहिले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळाने केलेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे, तो गव्हर्नर जनरलच्या आदेशाने वेगळा लागू करावा लागे. म्हणजे मुसलमान राजाच्या नाममात्र सार्वभौमत्वाखाली, ख्रिस्ती अधिकाऱ्यांच्या कारभारात, हिंदू कुटुंबांच्या वाटण्या संस्कृत ग्रंथांनुसार होत होत्या, आणि ते ग्रंथ न्यायाधीशाच्या टेबलावर असत ते कोलब्रुकने १८१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या रूपात. पूर्वी ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालयांना शास्त्रार्थ सांगण्यासाठी पंडित नेमलेले असत. १८६४ मध्ये ती पदेही बंद झाली. वेद, स्मृती, स्मृतीवरील टीका, टीकेचे भाषांतर, भाषांतरावरील निवाडे आणि निवाड्यांवरील प्रिव्ही कौन्सिलचे अपील, अशी ही उतरंड आहे. शेतकऱ्याच्या दाराशी जो नियम येऊन पोहोचे त्याला दैवी म्हणणे फारच धाडसाचे होते. शिवाय १८६८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने रामनाडच्या दत्तकाच्या प्रकरणात असे ठरवले, की एखादी रूढी स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती शास्त्रातील लिखित वचनापेक्षा वरचढ ठरते. शास्त्राचा अधिकार शास्त्राबाहेरच्या न्यायासनाने मोजून-मापून दिलेला होता.

त्या टेबलावरच्या ग्रंथात काय होते, हे मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. कारण वऱ्हाडाला लागू असलेला मुख्य ग्रंथ म्हणजे याज्ञवल्क्य स्मृतीवरील विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' ही टीका. विज्ञानेश्वर चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याण येथे, अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधिकाळात होऊन गेला. वाटणीच्या प्रकरणाच्या आरंभी त्याने एक प्रश्न घेतला आहे तो असा, की स्वत्व, म्हणजे एखादी वस्तू माझी आहे हे नाते, शास्त्रावरून कळते की लोकव्यवहारावरून. धारेश्वरासारख्या आधीच्या लेखकांचे मत असे होते, की स्वत्व केवळ शास्त्रावरून कळते. विज्ञानेश्वराने हे मत खोडून काढले. शास्त्राची ओळखही नसलेल्या सीमावर्ती प्रदेशातील लोकांतही खरेदी-विक्री होते आणि 'हे माझे, ते तुझे' असा व्यवहार चालतो. म्हणून स्वत्व लौकिक आहे, आणि वारसा, खरेदी, वाटणी, सापडलेली वस्तू इत्यादी स्वत्वाची कारणे सांगणारे शास्त्रवचन जगात आधीच चालू असलेल्या गोष्टींचा अनुवाद करते, असे त्याचे प्रतिपादन आहे. यावर प्रतिपक्षाची शंका अशी, की मग चोराच्या हातातली वस्तू चोराचीच म्हणावी लागेल. विज्ञानेश्वराचे उत्तर असे, की लोकच चोरीला स्वत्व मानत नाहीत, म्हणून ही आपत्ती येत नाही. नऊशे वर्षांपूर्वीच्या एका निष्ठावान धर्मशास्त्रकाराने मालमत्तेच्या कायद्याचा पाया माणसांच्या आपापसातील मान्यतेत शोधला, ही गोष्ट विवेकवादाला पाश्चात्त्य आयात समजणाऱ्यांनी विसरता कामा नये.

विज्ञानेश्वराने आणखी दोन ठिकाणी हाच मार्ग धरला. सपिंड म्हणजे जवळचा नातेवाईक कोण, हे ठरवताना बंगालच्या जीमूतवाहनाने श्राद्धातील पिंडदानाचा, म्हणजे मृताला पारलौकिक लाभ कोण पोहोचवतो याचा, निकष लावला. विज्ञानेश्वराने एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात आले आहेत ते सपिंड, असा देहसंबंधाचा, डोळ्यांना दिसणाऱ्या नात्याचा निकष लावला. तसेच थोरल्या भावाला अधिक वाटा देण्यास शास्त्राची संमती असताना त्याने अशी वाटणी करू नये असे सांगितले, आणि कारण दिले ते असे, की शास्त्रात असले तरी जे लोकांना निंद्य वाटू लागले आहे ते आचरू नये, असे याज्ञवल्क्यानेच म्हटले आहे. शास्त्र शास्त्राच्याच आधाराने लोकांच्या नैतिक जाणिवेपुढे मागे सरते, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण आहे.

मात्र येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'लोकांना' निंद्य वाटणे म्हणजे कोणत्या लोकांना? मिताक्षरेच्या एकत्र कुटुंबात जन्मतः हक्क मिळे तो मुलाला, नातवाला आणि पणतूला, मुलीला नाही. धाकट्या भावावरचा अन्याय ज्या लोकांना निंद्य वाटला, त्यांना बहिणीवरचा अन्याय दिसला नाही, कारण वाटणीच्या बैठकीत बहीण बसलेली नव्हती. विवेक म्हणून जे पुढे येते ते नेहमी कोणाचा तरी विवेक असते. ज्यांना प्रश्न विचारण्याची मुभा नाही त्यांची कारणे त्यात येत नाहीत. विवेकप्रामाण्याच्या बाजूने बोलणाऱ्याने ही उणीव स्वतःहून मांडली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात हा सगळा वाद एका विधेयकाभोवती उभा राहिला. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे किमान वय दहावरून बारा वर्षांवर नेणारे संमतिवयाचे विधेयक जानेवारी १८९१ मध्ये मांडले गेले आणि १९ मार्च १८९१ रोजी संमत झाले. बंगालमध्ये १८८९ साली फुलमणी या अवघ्या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीचा पतीच्या संबंधामुळे झालेला मृत्यू आणि मुंबईत रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेल्या लग्नाचे बंधन न्यायालयात नाकारल्याने उठलेले वादळ, ही त्याची पार्श्वभूमी. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी स्मृतिग्रंथ चाळून दाखवले, की ऋतुप्राप्तीबरोबर लगेच गर्भाधान झालेच पाहिजे असा शास्त्राचा कठोर आदेश नाही, म्हणून विधेयक शास्त्रविरोधी ठरत नाही. टिळकांनी त्याच ग्रंथांच्या आधारे उलट बाजू मांडली, आणि त्याहून मोठा आक्षेप असा घेतला, की परक्या सरकारला हिंदूंच्या धर्मात हात घालण्याचा अधिकार नाही. टिळकांवर अन्याय न करता हेही नोंदवले पाहिजे, की सुधारकांनी आपल्या मुलींची लग्ने सोळा वर्षांच्या आत करणार नाही अशी स्वेच्छेने प्रतिज्ञा करावी, असे त्यांनी आधी सुचवले होते.

या दोघांपेक्षा वेगळी भूमिका गोपाळ गणेश आगरकरांची होती. आगरकर जन्माने टेंभूचे असले, तरी त्यांच्या शालेय शिक्षणाचा महत्त्वाचा काळ अकोल्यात, विष्णू मोरेश्वर महाजनी यांच्या सहवासात गेला, म्हणून वऱ्हाडाचा त्यांच्यावर थोडा हक्क आहे. ऑक्टोबर १८८८ मध्ये सुरू केलेल्या 'सुधारक' पत्रातून त्यांनी सातत्याने सांगितले ते असे, की शास्त्रात आधार सापडला तर उत्तम, पण सुधारणेची योग्यता त्या आधारावर अवलंबून नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या देहाला काय सोसते हे शरीरशास्त्र सांगेल, तिच्या आयुष्याचे काय होते हे अनुभव सांगेल, आणि ते पुरेसे आहे. भांडारकरांच्या मार्गाने विधेयकाला मते मिळत होती, हे खरे. पण त्या मार्गाची एक किंमत होती. शास्त्र अनुकूल आहे म्हणून मुलीला वाचवायचे असे एकदा मान्य केले, की जेथे शास्त्र प्रतिकूल सापडेल तेथे मुलीला वाचवण्याचा युक्तिवाद हातात उरत नाही. आगरकरांनी ती किंमत ओळखली होती आणि १८९५ मध्ये अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी संपलेल्या आयुष्यात समाजाचा रोष पत्करून ती मोजण्यास नकार दिला. या वादात भांडारकरांची विद्वत्ता आदरणीय ठरते आणि टिळकांचा स्वराज्याचा आग्रह समजण्यासारखा आहे. मात्र त्या मुलीच्या बाजूने, तिच्याच कारणासाठी उभे राहिलेले आगरकर होते.

ईश्वरप्रामाण्याच्या बाजूने जे सर्वांत बळकट म्हणणे आहे, ते मात्र अजून मांडले गेलेले नाही. ते असे, की ईश्वर हे राजा, पुरोहित आणि सावकार यांच्याही वरचे न्यायासन आहे, आणि ज्याला खाली कोठेच दाद लागत नाही त्याला तेथे दाद मागता येते. चोखामेळ्याला पंढरपूरच्या मंदिरात शिरण्याचा अधिकार समाजाने नाकारला, तेव्हा त्याची तक्रार त्याच मंदिरातल्या विठ्ठलाकडे गेली. जोतीराव फुले यांनी त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त सर्व स्त्री-पुरुषांना सारखे हक्क देणाऱ्या निर्मिकाच्या, म्हणजे विश्वकर्त्याच्या, आधारावर समतेची नीती उभी केली. याच वऱ्हाडातील अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी आणि तुकडोजी महाराजांनी कीर्तन-भजनातून जे नीतिशिक्षण दिले, ते कोणत्याही दंडसंहितेला साधले नसते. उलटपक्षी, १९३५ चे जर्मनीतील न्यूरेंबर्ग कायदे रीतसर संमत झाले होते आणि त्यांना कोणत्याही धर्मग्रंथाची गरज पडली नव्हती. ईश्वर बाजूला सारला की विवेक आपोआप जागा घेतो, हा समज विसाव्या शतकाने खोटा ठरवला.

हे सर्व मान्य करूनही फुल्यांच्या निर्मिकाकडे बारकाईने पाहिले, तर एक फरक दिसतो. त्या निर्मिकाने कोणताही ग्रंथ पाठवलेला नाही, कोणताही मध्यस्थ नेमलेला नाही, आणि त्याच्या नावाने सांगितलेला प्रत्येक नियम कोणाही शेतकऱ्याला, कोणाही स्त्रीला आपल्या बुद्धीने तपासता येतो. चोखामेळ्याची तक्रारही विठ्ठलाच्या नावाने बोलणाऱ्यांविरुद्ध होती. ईश्वराच्या नावाने उठलेला आवाज मुक्तिदायी ठरला तो जेथे त्याने मध्यस्थाची सत्ता मोडली तेथे. आणि जाचक ठरला तो जेथे मध्यस्थाने त्याच्या आड लपून उत्तर देणे टाळले तेथे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोर येथे देण्यासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात नियम आणि तत्त्वे यांत जो भेद केला, त्याचा गाभा हाच आहे: नियम काय करावे हे ठरावीकपणे सांगतो आणि पाळणाऱ्याची जबाबदारी संपवतो, तर तत्त्व निर्णय कसा करावा हे सांगते आणि निर्णयाची जबाबदारी माणसावर ठेवते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, ते नियमांच्या अशा संहितेचे दहन होते. तरीही त्याच आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, इतर धर्मांत ईश्वराला जे स्थान आहे ते धम्मात नीतीला आहे, असे प्रतिपादन केले. समाजाला पवित्र वाटणारे असे काही असावे लागते, केवळ हिशेबाने माणूस माणसाशी नीट वागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. फक्त ते पावित्र्य आज्ञेतून न येता, माणसाला माणसाची गरज आहे या वस्तुस्थितीतून यावे, असा त्यांचा आग्रह होता.

महाराष्ट्राने अलीकडे केलेल्या एका कायद्यात हीच दृष्टी दिसते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर आधी अध्यादेशाने आणि मग विधिमंडळाच्या संमतीने आलेला नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा कोणाच्याही श्रद्धेला हात लावत नाही. दैवी शक्तीच्या नावाने कोणी कोणाला मारहाण केली, फसवले, उपचारापासून रोखले, तर त्या कृत्याला तो शिक्षा देतो. ईश्वराचे नाव घेणे गुन्हा नाही, पण ते नाव घेतल्याने गुन्हा माफही होत नाही.

आता दारव्हा परिसरातील प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळावे. शेतकरी मरण पावला की त्याच्या वारसांनी तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी जोडायची, तलाठ्याने वारस प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये, नोंद घ्यायची, मग फेरफार घालून हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकत न आल्यास मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा आणि सातबाऱ्यावर नावे चढायची, अशी रीत आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतंत्र मालमत्तेत मुलाबरोबर वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून तिला वडिलोपार्जित मालमत्तेतही जन्मतः हक्क दिला. विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी त्याबाबतचे उरलेसुरले संशय दूर केले. ज्या हिंदू कोड बिलाच्या रखडण्यावरून आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचे हे फळ. पण सातबाऱ्यावर बहिणीचे नाव चढते आणि थोड्याच दिवसांत दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदवून ते उतरते, हेही तितकेच नित्याचे आहे. बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटते, दिवाळीची साडीचोळी बंद होते, भावाशी कायमचे वाकडे येते, आणि 'लग्नात दिलं ना सगळं' हे वाक्य तिला ऐकवले जाते. या बंधनामागे कोणताही धर्मग्रंथ उरलेला नाही आणि कोणताही कायदा नाही, तरी ते दोहोंपेक्षा घट्ट आहे. विवेकाने केलेला कायदा लोकांच्या नीतीत उतरेपर्यंत अर्धाच असतो. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात संवैधानिक नीती ही निसर्गतः येत नाही, ती जोपासावी लागते, असे म्हटले त्याचा अर्थ हक्कसोडपत्राच्या त्या अंगठ्यात आणि सहीत वाचता येतो.

याहूनही अवघड गोष्ट गोंड, कोलाम, आंध अशा आदिवासी कुटुंबांची आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २ च्या पोटकलम २ नुसार, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांचा वारसा त्यांच्या प्रथेने चालतो. आता विदर्भातील जमातींची १९५६ ची यादी पाहावी. यवतमाळ जिल्ह्यापुरती ती केळापूर, वणी आणि यवतमाळ या तीनच तालुक्यांना लागू होती. दारव्हा आणि पुसद तिच्या बाहेर होते. क्षेत्राची ही मर्यादा १९७६ च्या कायद्याने काढली गेली आणि तो कायदा २७ जुलै १९७७ पासून अमलात आला. याचा कायद्याच्या अक्षरानुसार अर्थ असा होतो, की १९६५ साली यवतमाळ तालुक्यातील गोंड मुलीचा वारसाहक्क प्रथेवर अवलंबून होता, आणि शेजारच्या दारव्हा तालुक्यातील गोंड मुलगी अनुसूचित जमातीची गणली जात नसल्याने तिच्यापुढे १९५६ च्या कायद्याचा दरवाजा उघडा होता. १९७७ मध्ये दारव्ह्याच्या कुटुंबाला जमातीचा दर्जा मिळाला, जो न्याय्यच होता, आणि त्याच दिवशी त्या कुटुंबातील मुलीपुढचा दरवाजा कोणाच्याही ध्यानी न येता लागला. अशीच विसंगती पैनगंगेच्या दोन काठांवर आहे. अलीकडची बंजारा मुलगी महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडते म्हणून तिला कायद्याने समान वाटा आहे. पलीकडे तेलंगणात त्याच समाजाची लंबाडा मुलगी अनुसूचित जमातीत मोडते, म्हणून तो कायदा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

येथे कोणत्याही देवाची आज्ञा नाही. संसदेने केलेला, छापलेला, लोकांच्या नावाने आलेला कायदा आहे, आणि तरीही त्या मुलीने 'मला वाटा का नाही?' असे विचारले तर तालुक्याची हद्द यापलीकडे तिला देण्यासारखे उत्तर कोणाजवळ नाही. आदिवासींच्या प्रथांचे रक्षण करण्याचा हेतू चांगला होता. बाहेरच्यांनी त्यांच्यावर आपला कायदा लादू नये, हा विचारही आदराचा आहे. पण प्रथा म्हणजे कोणाची प्रथा, हा विज्ञानेश्वराच्या वेळचा प्रश्न येथेही उरतोच, आणि ती सांगणाऱ्यांत मुली किती असतात हेही विचारावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका आदिवासी मुलीचा भूसंपादनाच्या मोबदल्याचा दावा कायद्याच्या या तरतुदीमुळे नाकारला, मात्र ही तरतूद कायम ठेवण्याचा केंद्र सरकारने फेरविचार करावा असेही सांगितले. त्यानंतर १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या वारसांच्या दाव्यात न्यायालयाने वेगळी वाट धरली. त्या कुटुंबातील मुलीच्या वारसांना खालच्या न्यायालयांनी सांगितले होते, की मुलींना वाटा देणारी प्रथा तुमच्यात आहे हे तुम्ही सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयाने ही अपेक्षा उलटी केली: मुलींना वगळणारी प्रथा आहे असे कोणीही सिद्ध केलेले नसताना केवळ मौनातून वगळणूक गृहीत धरता येत नाही, आणि जेथे प्रथा बोलत नाही तेथे न्याय, समता व सद्‌सद्विवेक ही कसोटी व संविधानाचे अनुच्छेद १४ बोलतात. कलम २ चे पोटकलम २ अजून कागदावर आहे. परंतु या निकालाचा आधार घेऊन दारव्ह्याच्या न्यायालयात एखादी गोंड मुलगी आपल्या वाट्यासाठी उभी राहिली, तर पुरावा देण्याचे ओझे आता तिच्या एकटीच्या डोक्यावर राहणार नाही. तिला वगळू पाहणाऱ्याला तशी प्रथा आधी दाखवावी लागेल, आणि ती दाखवता आली तरी समानतेच्या कसोटीपुढे तिचे कारणही द्यावे लागेल.